कुठल्याही देशाचा न्याय जोखायचा असेल तर शिक्षेकडे सगळ्यात शेवटी बघा

कुठल्यातरी देशातल्या मोठ्या खटल्याची बातमी आली की आपण सगळे आधी काय बघतो, तर शिक्षा किती झाली. 21 वर्षंच? मग तो देश फारच मवाळ. फाशी? मग तिथे कायद्याचा धाक आहे. मीपण बरीच वर्षं असंच करायचो. 2012 मध्ये नॉर्वेत ब्रेव्हिकला 77 माणसं मारल्याबद्दल 21 वर्षं झाली तेव्हा मला खरंच संताप आला होता, आणि नंतर नीट वाचल्यावर कळलं की ती साधी कैद नव्हतीच, तिथे 'फोरवारिंग' नावाचा प्रकार आहे, म्हणजे 21 वर्षं संपल्यावर माणूस अजून धोकादायक वाटला तर कोर्ट दर वेळी 5 वर्षांपर्यंत मुदत वाढवत नेऊ शकतं, पार मरेपर्यंत. म्हणजे ज्या आकड्यावर मी चिडलो होतो तो आकडाच मला कळला नव्हता.

याच्या उलटही होतं. जर्मनीत 'जन्मठेप' झाली असं ऐकलं की वाटतं माणूस आता आतच मरणार, पण 1977 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की कैद्याला कधीतरी बाहेर यायची खरीखुरी आशा असलीच पाहिजे, आणि आता किमान 15 वर्षं झाली की सुटकेचा विचार होऊ शकतो. म्हणून शिक्षेच्या आकड्यावरून देश तोलणं मी सोडून दिलं. त्याऐवजी जे करतो ते सांगतो, त्याला कायद्याची डिग्री लागत नाही, थोडा वेळ काढून वाचायची तयारी लागते.

आधी तुमचा माणूस ठरवा

दहशतवादी, सिरीयल किलर, अब्जाधीश घोटाळेबाज असले लोक घेऊ नका, कुठल्याच देशात कोर्टात रोज उभा राहणारा आरोपी तसा नसतो. साधा माणूस घ्या. माझा ठरलेला आहे: 24 वर्षांचा पोरगा, गोदामात रात्रपाळीला आहे, तिथली कॅश गेली, कपाटाची किल्ली त्याच्याकडे होती, आणि त्याने चोरी केलेली नाही. हे तुम्हाला माहीत आहे, पोलिसांना नाही. त्याच्याकडे एक महिन्याचा पगार शिल्लक आहे, ओळखीचा वकील नाही, पोलीस स्टेशनची पायरी त्याने कधी चढलेली नाही. आता याला एकेका देशात नेऊन सोडायचं आणि त्याच्या मागेमागे चालायचं.

निर्दोषच का घ्यायचा? कारण गुन्हेगार सापडला की त्याला आत टाकणं सगळ्यांनाच कमीजास्त जमतं. चुकून पकडलेला माणूस किती दिवसांनी आणि किती शाबूत बाहेर येतो यात मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे.

पहिले काही दिवस, इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवतो. पोलीस किती तास ठेवू शकतात, चौकशीत वकील शेजारी बसतो का, चौकशी रेकॉर्ड होते का, आणि पोलिसांना आरोपीशी खोटं बोलायची मुभा आहे का, एवढं शोधा.

इंग्लंडमध्ये 1984 च्या कायद्याप्रमाणे आपल्या पोराला आरोप न ठेवता साधारण 24 तास ठेवता येईल, गंभीर गुन्हा असेल तर वरिष्ठ अधिकारी 36 तासांपर्यंत नेतो, आणि त्यापुढे कोर्टाची परवानगी काढून जास्तीत जास्त 96 तास (दहशतवादाचे नियम वेगळे). ठाण्यात कस्टडी ऑफिसर म्हणून एक अधिकारी असतो, त्याचा त्या तपासाशी संबंध नसावा असा नियम आहे, त्याचं काम म्हणजे हा माणूस कधी आणला, जेवला का, झोपला का, वकील मागितला का याची नोंद ठेवणं. वकील फुकट मिळतो आणि चौकशीत शेजारी बसतो, आणि चौकशी रेकॉर्ड होते. एक खोच मात्र आहे, 1994 च्या कायद्याप्रमाणे तिथे तुम्ही गप्प बसलात आणि नंतर कोर्टात नवीनच काही सांगितलंत तर त्या गप्प बसण्याचा अर्थ तुमच्या विरुद्ध लावता येतो.

तोच पोरगा जपानमध्ये ठेवा. पोलिसांना 48 तास, मग सरकारी वकिलाला 24 तास, मग कोर्टाकडून 10 दिवस, मग अजून 10 दिवस, म्हणजे आरोपपत्राआधीच 23 दिवस, आणि दुसऱ्या आरोपाखाली परत अटक दाखवली की घड्याळ पुन्हा शून्यापासून. वकिलाला भेटता येतं पण चौकशीच्या खोलीत वकील बसत नाही. 2019 पासून रेकॉर्डिंग सक्तीचं झालं पण ठरावीक प्रकारच्या केसेसमध्येच, आणि साध्या चोरीचा आपला पोरगा त्यात बसत नाही. आरोप नाकारत राहिलं तर जामीन मिळणं अवघड, म्हणून टीका करणारे या सगळ्याला 'ओलीस न्याय' म्हणतात, आणि मला तो शब्द पटतो, कारण 20 दिवस रोज तासन्‌तास तेच तेच विचारल्यावर 'हो, मीच घेतले' म्हणणारा माणूस खोटारडा नसतो, थकलेला असतो.

अमेरिकेत 1966 च्या मिरांडा निकालापासून गप्प बसायचा हक्क वाचून दाखवतात, वकील मागितला की चौकशी थांबवावी लागते, आणि वॉरंटशिवाय अटक झाली असेल तर साधारण 48 तासांत अटकेला कारण आहे का हे न्यायाधीशापुढे तपासलं जातं. ऐकायला छान. पण पोलीस बहुतेक ठिकाणी चक्क खोटं बोलू शकतात. 1969 च्या एका खटल्यात पोलिसांनी आरोपीला थाप मारली होती की तुझ्या चुलत भावाने सगळं कबूल केलंय, आणि सुप्रीम कोर्टाने त्यानंतर दिलेला जबाब चालवून घेतला. जर्मनीत नेमकं हेच चालत नाही, फसवून, दमवून, धमकावून घेतलेला जबाब कोर्टात वापरताच येत नाही, आरोपीने स्वतः 'वापरा' म्हटलं तरीही नाही. आणि भारतात तर पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून मुळातच चालत नाही, हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात होता आणि 2024 ला लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे.

एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर रेकॉर्डिंग बघा. बाकी हक्क खोलीत खरोखर पाळले गेले की नाही हे नंतर त्यावरूनच कळतं.

कोर्टाआधीच केस संपते का ते बघा

खटला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उलटतपासणी, साक्षीदार, भरलेलं कोर्ट येतं. बऱ्याच देशांत यातलं काहीच होत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये स्वतःच एका निकालात लिहिलंय की फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या 97 टक्के आणि राज्यांतल्या 94 टक्के शिक्षा गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. म्हणजे सरकारी वकील म्हणतो, कबूल कर, सहा महिने, नाहीतर खटला चालव आणि हरलास तर सहा वर्षं. आपला पोरगा निर्दोष आहे, पण जामिनाचे पैसे नाहीत, आत बसून वाट बघण्यात नोकरी जाणार, मग तो काय निवडेल? न्यूयॉर्कमध्ये 2010 साली 16 वर्षांच्या एका मुलाला बॅग चोरल्याच्या आरोपाखाली धरलं होतं, 3,000 डॉलरचा जामीन घरच्यांना भरता आला नाही, त्याने सौदा नाकारला, खटला चाललाच नाही, रायकर्स आयलंडच्या तुरुंगात साधारण तीन वर्षं काढल्यावर 2013 मध्ये आरोप मागे घेतले, त्यातला मोठा काळ एकांतकोठडीत. 2015 मध्ये त्याने स्वतःला संपवलं. कागदोपत्री त्याला एकही दिवसाची शिक्षा झालेली नाही. हे वाचल्यापासून मी शिक्षेच्या आकड्यांआधी कच्च्या कैद्यांचा आकडा काढतो. इलिनॉय राज्याने 2023 मध्ये पैशाचा जामीन पूर्णच बंद केला, म्हणजे एकाच देशातसुद्धा राज्याराज्यात फरक असतो. भारतात 2022 च्या अखेरीला तुरुंगातले 75 टक्क्यांहून जास्त लोक कच्चे कैदी होते, ज्यांचा खटला अजून संपलेलाच नव्हता.

इथेच अजून एक बघा, केस पुढे न्यायची की नाही हे कोण ठरवतं. जपानमध्ये आरोप ठेवलेल्यांपैकी 99 टक्क्यांहून जास्त दोषी ठरतात हा आकडा सगळीकडे फिरतो, आणि लोक म्हणतात बघा किती भयंकर. अर्धंच खरं. तिथले सरकारी वकील खूप केसेस कोर्टात नेतच नाहीत, पुरावा असूनसुद्धा माणसाने चूक मान्य केली, भरपाई दिली तर सोडून देतात, आणि पक्क्या केसेसच पुढे नेतात. दुसरीकडे अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत 2022 मध्ये खटला लढून निर्दोष सुटलेले आरोपी एकूण आरोपींच्या फक्त 0.4 टक्के होते, ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. म्हणून टक्केवारी दिसली की आधी विचारा, हे कशाचे टक्के, गाळणी कुठे लागलीय.

आणि गाळणी हातात असलेला माणूस कोण आहे? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो निवडणुकीत मतं मागून आलेला असतो. जर्मनीत तो सरकारी नोकर आणि पुरेसा संशय असेल तर गंभीर गुन्ह्यात केस चालवणं त्याच्यावर बंधनकारक. इंग्लंडमध्ये तर कंपन्यासुद्धा खासगी खटला भरू शकतात, आणि तिथल्या पोस्ट ऑफिसने तेच केलं. होरायझन नावाच्या सॉफ्टवेअरच्या चुकीच्या हिशोबावर 1999 ते 2015 मध्ये 900 हून जास्त पोस्टचालकांना चोरी, अफरातफर असल्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं, त्यातले बरेचसे खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवलेले, म्हणजे ज्याचे पैसे गेले तोच तपास करणारा आणि तोच सरकारी वकिलाच्या जागी. शेवटी 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. एवढ्या जुन्या, एवढ्या नावाजलेल्या व्यवस्थेत. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते याचसाठी.

निकाल कोण देतो

यावर लोक उगाच फार भांडतात, ज्युरी (म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) चांगली की न्यायाधीश. इंग्लंडमध्ये 12 जणांची ज्युरी, स्कॉटलंडमध्ये 15, फ्रान्समध्ये सगळ्यात गंभीर गुन्ह्यांत तीन न्यायाधीश आणि सहा सामान्य नागरिक एकत्र बसून ठरवतात, जपानने 2009 पासून गंभीर केसेसमध्ये तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक आणले, जर्मनीने जुनी ज्युरी 1924 लाच बंद केली आणि न्यायाधीशाशेजारी सामान्य माणसं बसवली. इंग्लंडमधल्या 90 टक्क्यांहून जास्त फौजदारी केसेस तर ज्युरीपर्यंत पोचतही नाहीत, खालच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातच संपतात. मी फक्त एवढं बघतो की निकालाची कारणं लेखी देतात का, आणि अपिलात पुरावा परत तपासतात का.

हे न बघितल्यामुळे केवढा गैरसमज होतो याचं उदाहरण म्हणजे इटलीतली अमांडा नॉक्सची केस, घरात सोबत राहणाऱ्या मुलीच्या खुनाचा आरोप झालेली अमेरिकन विद्यार्थिनी. 2009 मध्ये दोषी, 2011 मध्ये अपिलात निर्दोष, तो निकाल 2013 मध्ये रद्द, 2014 मध्ये पुन्हा दोषी, 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून कायमची निर्दोष. अमेरिकेतल्या लोकांना हा निव्वळ छळ वाटला, कारण त्यांच्याकडे ज्युरीने एकदा सोडलं की विषय संपला, सरकार अपील करू शकत नाही. इटलीत मात्र पहिला निकाल म्हणजे फक्त पहिली पायरी, गंभीर गुन्ह्यांत दोन्ही बाजूंना अपील करता येतं, तिथे पुरावा नव्याने बघतात, आणि न्यायाधीशांना सविस्तर कारणं लिहावी लागतात जी कोणीही वाचून खोडून काढू शकतो. अमेरिकेतली ज्युरी एका शब्दात निकाल देते आणि का ते सांगत नाही. आपल्या पोरासाठी मी काय निवडेन? तो सुटला असेल तर अमेरिका, अडकला असेल तर इटली. असं खरं उत्तर येतं, एका ओळीत बसत नाही.

आता शिक्षा बघा, पण मोजमाप कसं केलंय ते आधी

नॉर्वेत सुटलेल्यांपैकी 20 टक्केच पुन्हा गुन्हा करतात आणि अमेरिकेत दोनतृतीयांश, ही तुलना तुम्ही पन्नास वेळा वाचली असेल. नॉर्वेचा आकडा म्हणजे दोन वर्षांत पुन्हा शिक्षा झालेले. अमेरिकेचा आकडा म्हणजे तीन वर्षांत पुन्हा अटक झालेले, शिक्षा होवो न होवो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉर्वेचे तुरुंग चांगलं काम करतात असं मलाही वाटतं, पण त्यासाठी हे आकडे शेजारीशेजारी मांडणं चुकीचंच. तसंच स्वीडनमध्ये बलात्काराचे गुन्हे जास्त दिसतात त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथे प्रत्येक घटना वेगळी मोजतात, आणि व्याख्या रुंद आहे, 2018 पासून संमती नसणं एवढंच पुरेसं आहे.

दंडाकडेही बघा, त्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. फिनलंडमध्ये 1921 पासून दंड उत्पन्नाच्या हिशोबाने लावतात. 2023 मध्ये एका श्रीमंत उद्योजकाला 50 च्या रस्त्यावर 82 ने गाडी चालवली म्हणून 1,21,000 युरो दंड झाला. बाहेरच्या लोकांना हे हास्यास्पद वाटलं, पण विचार करा, सगळ्यांना सारखाच 200 युरो दंड असेल तर आपल्या गोदामवाल्या पोराचा आठवड्याचा घरखर्च जातो आणि उद्योजकाला पत्ताही लागत नाही. यातलं समान कुठलं हे तुम्हीच ठरवा.

लोकांना काय वाटतं हे वेगळं तपासा

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. व्यवस्था न्याय्य असणं आणि लोकांना ती न्याय्य वाटणं या दोन गोष्टी आहेत, दोन्ही महत्त्वाच्या आहेत, पण एकीवरून दुसरी काढता येत नाही.

एल साल्वाडोर घ्या. मार्च 2022 मध्ये एका वीकेंडला टोळ्यांनी 87 लोक मारले, सरकारने आणीबाणी लावली, हक्क स्थगित केले, आणि 80,000 हून जास्त लोक उचलले. लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात जास्त कैदी आता तिथे आहेत, आणि एकाच वेळी शेकडो आरोपींवर सामूहिक खटला चालवता येईल असा कायदा केला. खून मात्र खरंच कमी झाले, 2015 मध्ये दर लाख लोकांमागे 100 च्या वर होते, सरकारी आकड्यांप्रमाणे 2024 मध्ये 2 च्या खाली. फेब्रुवारी 2024 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष बुकेले जवळपास 85 टक्के मतं घेऊन परत आले. वर्षानुवर्षं खंडणी भरून, मुलं गमावून जगलेल्या माणसाला हे बरं वाटतं यात मला काही आश्चर्य वाटत नाही, त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण आपला पोरगा त्या गल्लीत राहत असता तर? सुक्याबरोबर ओलंही जळतं. पकडलेल्यांपैकी 8,000 निर्दोष लोक सोडले असं बुकेले स्वतःच म्हणाले, म्हणजे त्या 8,000 जणांनी आत जे दिवस काढले ते मतदानाच्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

म्हणून सर्वे दिसला की विचारा, कोणाला विचारलंय? सगळ्यांची सरासरी फसवते. इंग्लंडमध्ये न्यायव्यवस्था अल्पसंख्याकांना कसं वागवते यावरच्या 2017 च्या लॅमी अहवालात तिथेच जन्मलेल्या अल्पसंख्याक लोकांपैकी 51 टक्के म्हणाले की व्यवस्था भेदभाव करते, गोऱ्यांमध्ये हे प्रमाण 35 टक्के होतं. आणि याचा परिणाम नुसता मनात राहत नाही. लवकर गुन्हा कबूल केला तर तिथे शिक्षेत एकतृतीयांशपर्यंत सूट मिळते, पण ज्याचा व्यवस्थेवर विश्वास नाही तो फुकट मिळालेल्या वकिलाचा सल्लाही संशयाने घेतो, कबूल करत नाही, आणि पुढे दोषी ठरला तर त्याच गुन्ह्याला जास्त शिक्षा भोगतो.

मग विश्वास बसतो कशाने? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉम टायलरने 1980 च्या दशकात शिकागोतल्या लोकांना त्यांच्या पोलीस-कोर्टाच्या अनुभवांबद्दल विचारलं, आणि निघालं असं की निकाल आपल्या बाजूने लागला का यापेक्षा आपलं ऐकून घेतलं का, माणसासारखं वागवलं का, समोरचा तटस्थ होता का, यावर लोकांचं मत जास्त ठरतं. देशांच्या क्रमवाऱ्या बघायच्या असतील तर वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्टची बघा, त्यात डेन्मार्क वर्षानुवर्षं पहिला आहे, ती सामान्य लोक आणि जाणकार दोघांना विचारून बनवतात. पण एकूण नंबर बघून बंद करू नका, आत फौजदारी न्यायाचे वेगळे गुण असतात, वेळेत निकाल, भ्रष्टाचार, निःपक्षपातीपणा असे तुकडे करून, खरी माहिती त्यात आहे.

शेवटी, चूक कशी दुरुस्त होते

चुका सगळीकडे होतात. बर्मिंगहॅमच्या सहा जणांना 1975 मध्ये बॉम्बस्फोटासाठी जन्मठेप झाली, 1991 मध्ये निर्दोष सुटले, 16 वर्षं गेली, आणि त्यानंतर 1997 मध्ये सरकारपासून स्वतंत्र असा एक आयोग काम करू लागला जो जुन्या केसेस तपासून परत कोर्टाकडे पाठवू शकतो. तुम्ही बघत असलेल्या देशात असं काही आहे का, पुरावा कोणाच्या ताब्यात असतो, आणि फेरखटला अडवायची ताकद सरकारी वकिलाकडे आहे का, हे शोधा.

कारण जपानमधले इवाओ हाकामादा. 1966 मध्ये चार खुनांसाठी अटक, जवळजवळ 20 दिवस चौकशी, मग कबुली, जी त्यांनी कोर्टात नाकारली. घटनेनंतर वर्षभराने मिसोच्या (सोयाबीन आंबवून केलेल्या पेस्टच्या) एका टाकीत रक्ताचे कपडे 'सापडले'. 1968 मध्ये फाशीची शिक्षा. त्या तीन न्यायाधीशांपैकी एकाने 2007 मध्ये जाहीर सांगितलं की मला तेव्हाच ते निर्दोष वाटत होते पण दोन विरुद्ध एक असा मी हरलो. 2014 मध्ये फेरखटल्याचा आदेश झाला आणि हाकामादा तुरुंगाबाहेर आले, पण सरकारी वकिलांनी अपील केलं, 2018 मध्ये तो आदेश रद्द झाला, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने परत पाठवला, 2023 मध्ये पुन्हा मंजूर झाला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये, ते 88 वर्षांचे असताना, कोर्टाने सांगितलं की ते निर्दोष आहेत आणि कपड्यांचा पुरावा बनावट होता. निकाल ऐकायला ते स्वतः येऊ शकले नाहीत, इतकी वर्षं रोज सकाळी आज फाशी होईल का या भीतीत काढल्यावर त्यांचं मन ठिकाणावर राहिलं नव्हतं, त्यांची 91 वर्षांची बहीण हिदेको कोर्टात होती. 2025 मध्ये भरपाई मंजूर झाली, कायद्यात बसते तेवढी जास्तीत जास्त, आत काढलेल्या प्रत्येक दिवसाचे 12,500 येन.